मुलांची हिवाळी सहल: दिवसा बर्फावर, रात्री जमिनीवर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मिनेसोटातल्या मराठी शाळेतली ११ ते १५ वयाची बारा-चौदा मुलं आहेत, त्यातली काही स्काउटमध्ये जातात. जानेवारीतल्या मार्टिन लूथर किंग दिनाच्या लाँग वीकेंडला दोन रात्री तंबूत काढायच्या आणि गोठलेल्या तलावावर मासे पकडायचे, असा बेत आहे. पालकांपैकी कुणीच थंडीत तंबूत झोपलेलं नाही. कुठे जावं, काय न्यावं, बर्फ किती जाड हवा, आणि तलावावरच फिश हाउस (बर्फावर मासेमारीसाठी लावायची छोटी खोली) लावून रात्री तिथेच झोपलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं त्यावरच ठरतं. तलावावर झोपलेलं चालणार नाही. इथली मुरलेली माणसं चाकांवरचं फिश हाउस ओढत नेतात आणि आठवडाभर बर्फावर राहतात, ते खरं. पण ती एकमेकांना चांगली ओळखणारी दोन-तीन मोठी माणसं असतात. तुमच्याकडे चौदा मुलं आहेत. त्यातलं एक रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत लघवीला उठणार, आसपास दिवसभरात पाडलेली दोन डझन भोकं असणार आणि बूट कुणाचे कुठे ते अंधारात सापडणार नाही. कुणाचं पोट दुखायला लागलं तर अ‍ॅम्ब्युलन्स काठापर्यंतच येईल. आणि फिश हाउस उबदार ठेवायचं म्हणजे रात्रभर प्रोपेनचा हीटर जळणार. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवतही नाही. हीटरवर 'ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद' असं लिहिलेलं असतं, त्यावर पालक फार विसंबतात. ते यंत्र हवेतला ऑक्सिजन बघतं, मोनॉक्साइड मोजत नाही. दिवसा फिश हाउसमध्ये हीटर लावाल तेव्हाही बॅटरीवरचा मोनॉक्साइड अलार्म आत हवा आणि वरची खिडकी थोडी उघडी हवी. झोपायच्या तंबूत मात्र कसलीही ज्योत नको, मेणबत्तीसुद्धा नको. स्काउटच्या नियमांतही तंबूत ज्योत चालत नाही.

तेव्हा मासे दिवसा बर्फावर पकडायचे आणि झोपायला काठावर यायचं. त्यातही पहिली रात्र तंबूत नको. स्टेट पार्कमधली गरम केबिन घ्या. मिनेसोटाच्या बऱ्याच स्टेट पार्कांत कॅम्पर केबिन आहेत: लाकडी बंकबेड, हीटर, बाहेर शेकोटीची जागा. एकेका केबिनमध्ये पाच-सहा जण मावतात. पहिल्या रात्री सगळे आत झोपतील. दुसऱ्या रात्री ज्याला हवं तो केबिनशेजारच्या तंबूत झोपेल आणि मध्यरात्री नको वाटलं तर वीस पावलं चालून आत येईल, त्याला कुणी काही बोलणार नाही. ही मोकळीक असली की बहुतेक मुलं तंबूतच राहतात. मागे दार बंद आहे असं वाटलं की तीच मुलं नऊ वाजताच रडकुंडीला येतात. स्टेट पार्कचं आरक्षण १२० दिवस आधी उघडतं. म्हणजे जानेवारीतल्या या वीकेंडसाठी सप्टेंबरच्या मध्यानंतर लगेच बसावं लागतं. गणपती आटोपले की हे काम, असं डोक्यात ठेवा.

जागेबद्दल बोलायचं तर मिल लॅक्सचं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवलंच असेल. सुंदर तलाव आहे, पण १,३२,००० एकरांचा. एवढ्या पसाऱ्यावर वारा बर्फाला ढकलतो, तडे रुंदावतात, दोन थर एकमेकांवर चढून उंचवटे तयार होतात आणि त्यांच्या कडेला पाणी उघडं पडतं. अप्पर रेड लेकवर नोव्हेंबर २०२२ मध्ये बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि जवळजवळ दोनशे मासेमार त्यावर अडकले. सगळे सुखरूप परत आले, पण मुलांच्या पहिल्या सहलीला असला तलाव नकोच. छोटा, दोन-तीनशे एकरांचा, झाडांनी वेढलेला आणि काठापासून शंभर-दीडशे फुटांवर मासे मिळतील असा बघा. बॅटल लेक गावाजवळचं ग्लेंडालो स्टेट पार्क मला या कामासाठी आवडतं. तिथल्या अ‍ॅनी बॅटल लेकवर मोटर आणि मासे शोधायची इलेक्ट्रॉनिक यंत्रं चालत नाहीत. त्यामुळे ऑगर (बर्फात भोक पाडायचं गिरमिट) हातानेच फिरवायचा, शांतता असते, आणि बर्फावरून गाड्या जात नाहीत. ट्विन सिटीजपासून (मिनियापोलिस-सेंट पॉल) साधारण तीन तास. तिथले माशांचे नियम बाकी राज्यापेक्षा वेगळे आहेत, जाण्याआधी डीएनआरच्या (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) पुस्तिकेत त्या तलावाचं पान उघडून वाचा. रेड लेकचा बराच भाग, लोअर रेड लेक तर सगळाच, रेड लेक नेशन या मूलनिवासी राष्ट्राच्या हद्दीत येतो आणि तिथे बाहेरच्यांना त्यांच्या परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही. उत्तरेकडे जाल तेव्हा नकाशात हेही तपासायचं असतं.

आता बर्फ. डीएनआरचे आकडे पाठ करून ठेवा: माणसाला चालायला ४ इंच, स्नोमोबाइलला ५ ते ७, छोट्या गाडीला ९ ते १०. हे सगळं नव्या, स्वच्छ, काळसर पारदर्शक बर्फासाठी. स्नो भिजून गोठल्यावर जो पांढरा, दुधट बर्फ होतो त्याची ताकद जवळपास निम्मी, म्हणून तो दुप्पट जाड हवा. मुलांचा घोळका असेल तर मी स्वच्छ बर्फ ६ इंचांच्या खाली असताना कुणाला पाय ठेवू देत नाही, कारण मुलं लांबलांब उभी राहत नाहीत. एकाला मासा लागला की चौदाही त्याच भोकाभोवती.

मापायचं असं. मुलं काठावर उभी. एक मोठा माणूस लाइफ जॅकेट घालून, गळ्यात आईस पिक (बर्फात रोवायचे हातातले टोकदार खिळे) अडकवून पुढे जातो. हातात पहारीसारखा लोखंडी दांडा असतो. प्रत्येक पावलाआधी समोर दोन सणसणीत घाव घालायचे. दांडा पार गेला तर आल्या पावली मागे. नाही गेला तर थोडं पुढे जाऊन ऑगरने भोक पाडायचं, मापपट्टीचं टोक भोकात सोडून हुक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायचा आणि वर आकडा वाचायचा. त्याच वेळी भोकाच्या भिंतीकडे नीट बघा. वर किती पांढरा आहे, खाली किती काळा आहे, मध्ये पाण्याचा थर तर नाही ना, हे टॉर्चच्या उजेडात स्वच्छ दिसतं. दर दीडशे फुटांवर पुन्हा मापा. ओढा जिथे तलावात येतो ती जागा, तलावाचे अरुंद भाग, पुलाखालचं पाणी, जिवंत झरे आणि जिथे एरेटर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) लावल्याची पाटी आहे तो भाग यांच्या वाटेला जायचंच नाही. बदकं किंवा हंस बर्फात पाणी मोकळं ठेवून बसले असतील तर तिथे बर्फ पातळ आहे हे त्यांनीच सांगितलं.

गावातल्या बेट शॉपमध्ये आमिषं घेताना बर्फाची चौकशी करा, तो माणूस त्या तलावावर रोज जातो. पण त्याचं ऐकूनही स्वतः मापायचं. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सगळ्यात उबदार होता. त्या वर्षी एरवी जानेवारीत गाड्या जातात अशा तलावांवर चालायचीही सोय नव्हती. 'दरवर्षी या तारखेला बर्फ असतो' या वाक्यावर आता विसंबता येत नाही.

बर्फ रात्री गडगडतो, कधी बंदुकीच्या गोळीसारखा फुटतो. नवी मुलं घाबरतात. तापमान बदललं की बर्फ आकसतो-प्रसरण पावतो, त्याचा हा आवाज, आणि तो जाड बर्फातही येतो. काठावर असतानाच हे सांगून टाका. तेव्हाच हेही सांगा की पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, म्हणून ते तळाशी बसतं, बर्फ वर तरंगतो, आणि मासे खाली त्या ४ अंशांच्या पाण्यात आरामात असतात. शाळेत हे त्यांनी वाचलेलं असतं. भोकातून थर्मामीटर खाली सोडून आकडा बघितला की पटतं.

कुणी पाण्यात पडलंच तर काय, हे निघण्याआधी घरच्या बैठकीत सांगायचं, जमिनीवर पालथं झोपून प्रत्येकाकडून करून घ्यायचं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांचं सूत्र मुलांना लगेच लक्षात राहतं: १-१०-१. पहिलं १ मिनिट धाप लागते, तेव्हा फक्त श्वास ताब्यात आणायचा. पुढची १० मिनिटं हातपाय चालतात, तेवढ्यात बाहेर निघायचं. शुद्ध हरपायला सुमारे १ तास असतो. म्हणजे घाबरायचं कारण नाही, वेळ आहे. ज्या बाजूने आलात तिकडेच तोंड करायचं, कारण तो बर्फ तुमचं वजन पेलत होता. आईस पिक बर्फात रोवून, पाय मागे आडवे मारत पोटावर सरकायचं. वर आलं की उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं. बाकीच्यांनी धावत जवळ जायचं नाही. लांबून दोर फेकायचा. दोराची पिशवी प्रत्येक मोठ्याकडे आणि आईस पिक प्रत्येक मुलाच्या गळ्यात.

कपड्यांचं सांगते, आणि इथे जरा पसरते, कारण सहली बिघडतात त्या मोज्यांवरून. आपल्याकडची मुलं जीन्स घालून येतात, आत सुती बनियन आणि पायात शाळेचे पांढरे सुती मोजे. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि ओला राहतो. अंगाला लागणारा कपडा लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा हवा, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट आणि स्नोपँट. हातात बोटांचे ग्लोव्ह नकोत, मिटन हवेत, दोन जोड, कारण माशाला हात लावल्यावर पहिला जोड भिजणारच. बुटांच्या बाबतीत पालकांचा एक ठाम समज असतो: दोन-तीन मोजे घातले की पाय गरम. बूट घट्ट झाला की रक्त पोचत नाही आणि पाय आणखी गार पडतात. एक जाड लोकरी मोजा, आणि आत बोटं हलतील असा बूट. नवीन घ्यायची गरज नाही. मुलांचे पाय वर्षात एक माप वाढतात, त्यामुळे सेकंडहँड दुकानांत चांगले लोकरी लायनरचे बूट पडलेले असतात.

जाण्याआधी दोन आठवडे सगळ्यांना सामान घेऊन बोलवा आणि एकेक वस्तू जमिनीवर मांडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. 'आहे आमच्याकडे' हे फोनवरचं उत्तर धरू नका. डिसेंबरमध्ये कुणाच्या तरी बॅकयार्डमध्ये एक रात्र तंबू लावून पाहा. घर दहा पावलांवर असताना स्लीपिंग बॅगेची परीक्षा झालेली बरी.

स्लीपिंग बॅगेवर जो आकडा असतो तो नीट वाचा. बऱ्याच बॅगांवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं तापमान म्हणजे माणूस कसाबसा रात्र काढेल तो आकडा. आरामात झोप लागेल तो आकडा वेगळा आणि दहा-पंधरा फॅरनहाइट वरचा असतो. शून्य फॅरनहाइटची बॅग नसेल तर दोन उन्हाळी बॅगा एकात एक घाला, चालतं. पण थंडी खालून येते हे कुणी सांगत नाही. अंगाच्या वजनाने बॅग खाली चेपली जाते आणि तिची ऊब संपते. म्हणून खाली बंद (क्लोज्ड-सेल) फोमची चटई, त्यावर दुसरी चटई. पैसे कमी असतील तर बॅगेवर कमी घाला, चटयांवर नको.

जानेवारीच्या मध्यात मिनियापोलिसला सूर्य पाचला मावळतो आणि पावणेआठला उगवतो. जवळजवळ पंधरा तासांची रात्र. सात वाजता जेवून मुलांना तंबूत पाठवलं तर बारा तास पडून राहायचं, आणि पहाटे चारला सगळी कुडकुडत जागी. तेव्हा संध्याकाळ मुद्दाम लांबवा. टॉर्च डोक्याला बांधून बर्फातून फेरी, शेकोटी, गाण्यांच्या भेंड्या. मिटन घातलेल्या हातांनी लगोरी मस्त जमते, नेम धड लागत नाही म्हणून तर आणखी रंगते. नऊ वाजता झोपायची तयारी सुरू करायची, आणि ती एका क्रमाने, मोठ्यांनी समोर उभं राहून करून घ्यायची.

आधी काहीतरी चरबीचं खाऊन घ्यायचं. मग पाच मिनिटं पळायचं, घाम येईल इतकं नाही, अंग तापेल इतकंच. मग लघवी, 'मला नाही आली' म्हणणाऱ्यानेही. मग तंबूत जाऊन अंगावरचं सगळं बदलायचं. दिवसभरचे मोजे हाताला कोरडे लागले तरी ते दमट असतातच, झोपायचा जोड वेगळा आणि तो बॅगेतच ठेवलेला. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून, बूच घट्ट आहे ना ते उलटी करून तपासून, मोज्यात घालून पायाशी. बुटांचे लायनर बॅगेच्या तळाशी, नाहीतर सकाळी ते लाकडासारखे कडक होतात. डोक्याला टोपी, पण तोंड बॅगेच्या बाहेर. मुलं थंडी वाजली की आत शिरून श्वास घेतात आणि त्या वाफेने बॅग आतून भिजते. तंबूच्या वरच्या झडपा उघड्या ठेवा, बंद तंबूत सकाळी छतावरून दवाचा बर्फ अंगावर पडतो. रात्री दोनच्या सुमाराला एका मोठ्याने उठून प्रत्येक तंबूपाशी जाऊन नावाने हाक मारून विचारायचं. पाळी कुणाची ते आधीच ठरवा, 'बघू कुणाला जाग येते' असं नको.

जेवणाचं सोपं आहे, आणि तुमच्या तारखेला तर फारच. संक्रांत नुकतीच झालेली असते. तीळगूळ खिशात ठेवायला याहून चांगला पदार्थ नाही: तेल, गूळ, गोठत नाही, मिटन न काढता तोंडात टाकता येतो. चॉकलेटचे बार गोठून दाताला लागतात. दाण्याच्या लाडूंचंही तेच. सकाळी उपमा, तूप सढळ हाताने; रवा घरीच भाजून, फोडणी घालून पिशवीत भरून न्या. रात्री खिचडी आणि वर आणखी तूप. पाणी पिण्याकडे लक्ष ठेवा. थंडीत तहान लागत नाही, मुलं दिवसभर घोटभरही पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं दुखतं. बाटल्या उलट्या ठेवा, पाणी वरून गोठतं, म्हणजे बुचाकडची बाजू मोकळी राहते. स्नो वितळवायचा असेल तर भांड्यात आधी थोडं पाणी घाला, नाहीतर तळ करपून पाण्याला जळका वास येतो.

स्टोव्ह कुठला घ्यायचा हे तापमानावर ठरवा. ब्युटेन शून्य अंश सेल्सिअसच्या जरा खालीच वायू व्हायचं थांबतं, त्यामुळे उन्हाळ्यातला छोट्या डब्याचा स्टोव्ह इथे रुसतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतं, पण कडक थंडीत त्याचाही दाब मंदावतो. व्हाइट गॅसचा (हे द्रव इंधन असतं) पंप मारायचा स्टोव्ह सगळ्यात भरवशाचा, फक्त तो मोठ्यांनीच हाताळायचा. तेवढ्या थंडीत ते इंधन हातावर सांडलं तर कातडी तत्क्षणी गारठते.

मासेमारीबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात आणि तिचं सगळ्यात कमी अडतं. पहिल्या सहलीला वॉलायच्या मागे लागू नका, मुलांना क्रॅपी, ब्लूगिल आणि पर्च हे छोटे मासे पुरे. यांना हंगामाची मर्यादा नाही. वॉलाय आणि नॉर्दर्न पाइकचा हंगाम बहुतेक तलावांवर फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संपतो. ब्लूगिल गवताच्या कडेला आठ-दहा फुटांवर सापडतात, क्रॅपी जरा खोल आणि तळाच्या वर तरंगत असतात. तीस फुटांपेक्षा खोल जाऊ नका. तिथून वर ओढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि सोडून दिला तरी तो जगत नाही. ६ किंवा ८ इंचांचा ऑगर घ्या. १० इंचांच्या भोकात लहान मुलाचा पाय जातो.

भोकं पाडायचं काम मुलांनाच द्या, थंडी पळवायला याहून चांगला उपाय नाही. काठाकडून आतल्या बाजूला रांगेत, मध्ये दहा-दहा फूट अंतर. मोठ्या झाऱ्याने बर्फाचा चुरा काढून टाकायचा. हाताएवढी काठी, बारीक दोरी, टंगस्टनचा इवलासा जिग (वजन लावलेला गळ) आणि त्यावर वॅक्सवर्मची एक अळी. अळ्यांची डबी जाकिटाच्या आतल्या खिशात, बाहेर ठेवली की गोठून खडा होतात. जिग तळाला टेकवून फूटभर वर घ्यायचा, दोन बारीक झटके आणि मग स्थिर. थंड पाण्यात मासा सुस्त असतो, धावत येत नाही. येतो, बघतो, आणि फक्त तोंडात धरतो. हाताला हिसका लागतच नाही, दोरी किंचित सैल पडते. तेवढ्यावर मनगट उचलायचं असतं. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं. पंधरा मिनिटांत काही लागलं नाही तर पुढच्या भोकावर. चाळीस मिनिटांनंतर मुलांचं लक्ष उडणारच, तेव्हा घसरगुंडी, कोको, पुन्हा गळ. क्रॅपी सूर्य मावळताना खातात, म्हणून दुपारी दोन ते साडेतीन मुलांना विश्रांती आणि साडेतीन-चारपासून अंधार पडेपर्यंत खरी मासेमारी. इथे थोडा हट्ट धरा, कारण पहिल्या दिवशी मासा मिळालेलं मूल दुसऱ्या दिवशी थंडीची तक्रार करत नाही.

तुमच्या गटात शाकाहारी घरं असतीलच. आधी पालकांशी बोला, ऐन बर्फावर तो विषय काढू नका. मूल गळ धरणार नसेल तर ऑगर, बर्फाची जाडी मापून नोंदवही लिहिणं, टिप-अपच्या (मासा लागला की झेंडा वर करणारं साधन) झेंड्यावर नजर ठेवणं अशी मानाची कामं आहेत. सोडायचा मासा हवेत धरून फोटो काढत बसू नका, शून्याखाली त्याचे डोळे आणि कल्ले काही सेकंदांत गोठतात. भोकावरच चिमट्याने गळ काढून परत पाण्यात. ठेवायचे तेवढेच ठेवा. माझं माहेर मालवणचं, तेव्हा क्रॅपीला पिठाच्या पॅकेटातलं ब्रेडिंग लावणं मला बघवत नाही. हळद, तिखट, मीठ, थोडं आगळ लावून दहा मिनिटं, मग तांदळाचं पीठ आणि रवा, आणि लोखंडी तव्यावर. गोड्या पाण्याचा मासा म्हणून नाक मुरडणारी मुलंही तव्याभोवतीच उभी असतात.

लायसन्सचं थोडक्यात. मिनेसोटात राहणाऱ्या १५ आणि त्याखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही. तुमच्याच वीकेंडला 'टेक अ किड आईस फिशिंग' असतं. मुलाला घेऊन मासे पकडणाऱ्या राज्यातल्या मोठ्यांनाही ते तीन दिवस लायसन्सची गरज नसते. पण पुण्याहून आलेले आजोबा उत्साहाने गळ धरून बसले तर त्यांना राज्याबाहेरच्यांचं लायसन्स काढावं लागेल. हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ चालतात. किती मासे ठेवायचे ते काही तलावांवर वेगळं असतं. कचरा आणि शौचाचं काही बर्फावर टाकणं इथे बेकायदेशीर आहे.

स्काउटच्या नावाखाली जात असाल तर २१ वर्षांवरचे किमान दोन नोंदणीकृत मोठे हवेत, आणि मुली असतील तर त्यात एक बाई हवीच. मी म्हणेन, दर तीन-चार मुलांमागे एक मोठा माणूस. एकाने फक्त केबिन आणि चुलीकडे बघायचं, बर्फावर यायचं नाही. एक गाडी कायम रस्त्याकडे तोंड करून, टाकी भरलेली, किल्ली कुठे ते सगळ्यांना माहीत. जवळचं हॉस्पिटल आणि तलावावर उतरायच्या जागेचं नेमकं नाव कागदावर लिहून प्रत्येक मोठ्याच्या खिशात. ९११ ला 'तलावावर' एवढं सांगून भागत नाही, आणि फोनची बॅटरी थंडीत न सांगता मान टाकते.

मुलांच्या जोड्या लावा. दर अर्ध्या तासाने एकमेकांच्या नाका-गालाकडे-कानाकडे बघायचं. पांढरा मेणचट डाग दिसला की आत, आणि उघड्या तळव्याने ऊब द्यायची. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच चोळायचा नाही. शून्य फॅरनहाइट तापमान आणि ताशी १५ मैल वारा असेल तर अंगाला उणे १९ लागतात आणि उघडी कातडी ३० मिनिटांत गोठू शकते. हायपोथर्मियाची (शरीराचं तापमान घसरण्याची) सुरुवात याहून गुपचूप होते. एरवी बडबड करणारं मूल गप्प होतं, चिडचिड करतं, अडखळतं, हातातली वस्तू पडते, चेन लावता येत नाही. 'कंटाळलाय' म्हणून सोडून देऊ नका. कोरडे कपडे, गोड गरम पेय, केबिन.

रद्द कधी करायचं ते आत्ताच कागदावर लिहून सगळ्या पालकांना पाठवा. वीकेंड जवळ आला, पैसे भरले, मुलं नाचायला लागली की मोठ्यांचा विवेक पातळ होतो. माझी रेघ अशी: रात्रीचं तापमान उणे १० फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर नवख्यांचे तंबू लागणार नाहीत, सगळे केबिनमध्ये. वाऱ्यासकट उणे २५ च्या खाली असेल तर बर्फावरचा कार्यक्रमही नाही. बर्फ ६ इंचांखाली असेल तर गळ घरी, केबिन आणि स्कीइंग. आणि ३३-३४ फॅरनहाइटला पाऊस किंवा ओला स्नो असेल तर मी तंबू सरळ रद्द करते. कोरडे उणे ५ परवडले, ओले ३३ नाही. निर्णय गुरुवारी रात्री आठला, एकाच माणसाने घ्यायचा. त्याला मतदान लागत नाही. त्याचं स्वतःचं मूल सहलीत नसेल तर जास्त बरं.

तलाव आणि मोठ्यांची नावं ठरली की सामानाची यादी मला पाठवा. त्यातून निम्म्या वस्तू कमी होतील आणि मोज्यांचे जोड वाढतील.